समकालीन नाटक वाचायचं की बघायचं? (नागपुरात राहून)

सीताबर्डीकर:
मंडळी, परवा एका घरगुती मैफलीत एक काका म्हणाले, "नाटक वाचणं म्हणजे पत्रिका वाचून लग्नात जेवलो म्हणणं." सगळे हसले आणि विषय तिथेच मिटला. मला काही ते पटलं नाही. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे धागा काढतोय.

आधी आपल्या गावाची स्थिती. मुंबई-पुण्याचं व्यावसायिक नाटक आपल्याकडे दौऱ्यावर येतं. देशपांडे सभागृहात नाहीतर रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात एखाद-दुसरा प्रयोग होतो की गाडी निघाली अमरावती-अकोल्याकडे. येतं तेही बहुतेक टीव्हीवरचा चेहरा असलेलं. प्रायोगिक नाटकाला तर वर्धा रोड दिसतच नाही म्हणा ना. मकरंद साठे, धर्मकीर्ती सुमंत, मनस्विनी लता रवींद्र, इरावती कर्णिक ही नावं माझ्यासारख्याला वाचूनच ठाऊक. मग आम्ही नाटक बघितलंच नाही असं म्हणायचं का? वाचलेलं जमेस धरायचंच नाही?

माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. काही गोष्टी वाचतानाच नीट कळतात. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तली दादी घ्या. म्हातारी पुन्हा पुन्हा किती वाजले म्हणून विचारत असते. वाचताना तो प्रश्न दर खेपेला अंगावर येतो. घरात कर्ता माणूस नुकताच गेलाय, पैशाची चणचण, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय आणि म्हातारीला वेळ हवीय. मी बघितलेल्या एका प्रयोगात दादीने तोंड उघडलं की प्रेक्षक हसायचे. नंतर नंतर तर ती बोलायच्या आधीच हशा. नटीचा दोष नव्हता, सभागृहाला एकदा हसायची सवय लागली की ती मोडत नाही. पुस्तकात शेजारी हसणारं कोणी नसतं.

दुसरं बोलीचं. एलकुंचवार आपले, जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा, सगळी हयात नागपुरात. त्या घरातली माणसं आपल्याकडचं बोलतात आणि मुंबईची सून अंजली वेगळं बोलते. निम्मं नाटक त्या फरकात आहे. वाचताना वहिनी, म्हणजे घरातली थोरली सून, माझ्या डोक्यात आर्वीच्या मामीच्या आवाजात बोलते. मंचावर मात्र कधी कधी वाड्यातलं सगळं देशपांडे कुटुंब दादरहून आल्यासारखं वाटतं.

तुमचं काय मत?

उन्हाळी_संत्रं:
दादरहून आल्यासारखं 😂 एकदम मान्य. "करून राहिला" म्हणताना नटाचा चेहराच सांगतो की हे पाठ केलंय.

तिसरी_घंटा:
सीताबर्डीकर, बोलीचा मुद्दा मान्य, बाकीचा नाही. मी हौशी संस्थेत बरीच वर्षं प्रकाशयोजना बघतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या धावपळीत केस पांढरे झालेत. म्हणून जरा मागच्या बाजूने सांगतो.

त्याच नाटकातला दागिन्यांचा प्रसंग घ्या. रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढवते. पुस्तकात ते तुम्ही किती वेळात वाचता? पाऊण मिनिट? पान उलटलं, पुढे गेलात. आता हेच उभं करून बघा. एकेक दागिना डब्यातून काढायचा, फासा लावायचा, बांगडी हातात सरकवायची, आणि ही बाई सबंध नाटकभर दुसऱ्यांसाठी राबलेली. नटीने घाई केली तर प्रसंग मेला. तिने वेळ घेतला तर सभागृहात खोकलासुद्धा थांबतो. हा वेळ संहितेत नाही. वाचताना वेळ तुमच्या हातात असतो, प्रयोगात तो नटीच्या हातात असतो. मला वाटतं सगळं भांडण इथेच आहे.

आमची अडचण वेगळीच होती. खोटे दागिने समोरून झगझगीत उजेडात ठेवले की पिवळेधम्मक दिसतात, गणपतीच्या मखरासारखे. शेवटी समोरचे दिवे जवळजवळ बंद करून एकच दिवा विंगेतून, खांद्याच्या उंचीवर, आडवा मारला. चेहरा अर्धा अंधारात गेला आणि नुसती सोन्याची कड लकाकायला लागली. तालमीला बसलेली आमची पोट्टी, जी एरवी मोबाइलमधून डोकं काढत नाहीत, तीही गप्प. त्या दिवशी मला तो प्रसंग कळला. वाचला होता मी तो कितीदा तरी.

दादीवर लोक हसले म्हणता. हसू देत की. हसणारं सभागृह पुढच्या अंकात गार पडतं, ते बघण्यासारखं असतं. एकट्याने वाचताना तुम्ही आधीच शहाणे असता, तुम्हाला असं कोणी पकडत नाही.

सीताबर्डीकर:
वेळेचा मुद्दा लाखमोलाचा, दादा. पण तुम्ही सांगताय तो चांगला झालेला प्रयोग. आपल्या वाट्याला दौऱ्यावरचा येतो. सेट निम्मा, कलाकार रात्रभराच्या बस-प्रवासाने पेंगुळलेले, आणि ध्वनिव्यवस्थेची बोंब. मागे एका सभागृहात (नाव नको) आम्ही मागच्या रांगांत होतो. एसीची घरघर आणि नटांचे पाय वाजलेले मस्त ऐकू येत होते, संवाद तेवढे सोडून. इंटरव्हलला एक आजी विचारत होत्या, "तो तिचा नवरा आहे की भाऊ?" घरी येऊन संहिता उघडली तेव्हा मलाही कळलं, भाऊ होता.

उन्हाळी_संत्रं:
भाऊ 😂😂

निवृत्त_मास्तर:
धागा चांगला चाललाय, म्हणून दोन शब्द. ते दोन राहणार नाहीत, आधीच सांगतो.

नाटक हे आधी बघायचं आणि मग, झालंच तर, वाचायचं, असा क्रम आपण गृहीत धरतो. इतिहास तसा नाही. इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' १८७९च्या डिसेंबरच्या सुरुवातीला पुस्तकरूपात आलं आणि प्रयोग कोपनहेगनला २१ डिसेंबरला झाला. पहिली आवृत्ती ८,००० प्रतींची, महिन्याभरात संपली. नायिका नोरा घर सोडून जाते हे निम्म्या गावाने पडदा उघडण्याआधी वाचलेलं होतं. शॉच्या 'मिसेस वॉरन्स प्रोफेशन'ला सेन्सॉरने मंचावर येऊ दिलं नाही, तर त्याने ते १८९८मध्ये सरळ छापलं. प्रयोग व्हायला १९०२ उजाडलं, तोही खाजगी. त्याच्या रंगसूचना इतक्या ऐसपैस असतात, त्याचं एक कारण हेच, की वाचणाऱ्याला घरबसल्या नाटक दिसावं.

आता आपल्याकडे. साहित्य अकादमीने २००२मध्ये एलकुंचवारांच्या 'युगान्त'ला पुरस्कार दिला आणि २०२०चा युवा पुरस्कार प्राजक्त देशमुखांच्या 'देवबाभळी'ला. साहित्य अकादमी म्हटल्यावर तिच्यासमोर दिवे, नेपथ्य, नट काही नसतं, छापील शब्द असतो. तो शब्द स्वतःच्या पायावर उभा आहे असं कोणाला तरी वाटलं असणारच ना?

उलट बाजूही सांगतो, कारण ती आपल्याच गावात घडली. तरुण एलकुंचवार सिनेमाला गेले होते, तिकीट मिळालं नाही, संध्याकाळ फुकट जाऊ नये म्हणून तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो' बघायला शिरले. दिग्दर्शन विजया मेहतांचं. इतके हलले की दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. नाटककार व्हायचं ठरलं ते बघून. पण लोक पुढचा भाग विसरतात. त्यानंतर त्यांनी वर्षभर नाटकं वाचली. ठिणगी प्रयोगाची, सरपण पुस्तकांचं. १९६७मध्ये 'सुलतान' एकांकिका आली तीही 'सत्यकथा' मासिकात छापून, आणि विजयाबाईंच्या नजरेला ती पडली छापील पानावरच.

माझी खंत वर्गातली आहे. एम.ए.ला नाटक हा पेपर शिकवला. मुलं नेमलेलं नाटक गाइडमधून 'करायची'. व्यक्तिरेखा, संघर्ष, भाषाशैली, पाच-पाच गुणांना. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात एकही नाटक बघितलेलं नसे आणि संहिता सलग तर जवळजवळ कोणीच वाचलेली नसे. वाचावं की बघावं हा वाद मला म्हणून चैनीचा वाटतो, पण चैन केली पाहिजे.

तिसरी_घंटा:
मास्तर, 'देवबाभळी'चंच घ्या. दोनच बाया, आवली आणि रखुमाई. आवलीच्या पायात काटा रुतलेला, आणि तिच्या घरी मदतीला म्हणून रखुमाई येऊन राहिलेली. आनंद ओकांचं संगीत वगळून ते वाचून बघा बरं. अकादमीला दिसलं असेल, मला तरी निम्मंच दिसलं.

निवृत्त_मास्तर:
निम्मं दिसलं हे काय कमी आहे? 'कट्यार काळजात घुसली' आपल्या दारव्हेकर मास्तरांचं, १९६७चं. ज्यांच्या नावाच्या सभागृहात आपण जातो त्या वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब गाजवला. गाणी काढून ते वाचा. घराण्याची विद्या द्यायची की नाही यावरचा झगडा कोरडा दिसतो, पण स्पष्ट दिसतो. मंचावर गाणं रंगलं की प्रेक्षक खाँसाहेबाचा हेकेखोरपणा माफ करून टाकतो. वाचणारा करत नाही.

सीताबर्डीकर:
हेच मला म्हणायचं होतं, मास्तरांनी शंभरपट बरं म्हटलं.

रामदासपेठी:
इतकं काय चर्वितचर्वण? यूट्यूबवर सगळं आहे. घरी बसा, चिवडा खा, बघा.

तिसरी_घंटा:
सगळं नाही. व्यावसायिक बरंच आहे, त्यातही कोणीतरी मागच्या खुर्चीतून मोबाइलवर चोरून धरलेलं. आणि नीट चित्रित केलेलं असलं तरी कॅमेरा बोलणाऱ्याचं तोंड दाखवतो. नाटकात बघायचं असतं ते न बोलणाऱ्याकडे. पुढे चला.

वडशाचा_पाव्हणा:
राम राम मंडळी. तुम्ही सगळे पुस्तक अन् सभागृह यातच अटकून राहिले. दिवाळी झाली का एकदा आमच्याकडं, गडचिरोलीतल्या वडशाले या. धान निघाला का मंडईची जत्रा, बैलांचा शंकरपट अन् रातभर नाटक. पेंडालात तणस टाकून लोक बसते, पोरगं मांडीवर झोपलं तरी माय उठत नाही. नागपूरचे लोक झाडीपट्टी, म्हणजे आमच्या मुलखाचं नाटक, म्हटलं का हसून राहिले होते इतके दिवस. २०२३ले आमचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री भेटली तवा कुठं जागे झाले.

आमच्याकडं नाटक पाह्याचं असते, वाचाचं कोणी नावच काढत नाही. लेखक वहीत लिहिते, तिची झेरॉक्स कंपनीत फिरते. तालमी थोड्या, बाकी प्रॉम्प्टरच्या भरवशावर. नट लोक समोरची पब्लिक पाहून वाक्यं वाढवते, कमी करते. एकाच नाटकाचा दोन गावचा प्रयोग सारखा नसते. आता सांगा, यातली संहिता कोणती?

पण एक गोष्ट बोलतो. माझा आजा ज्या नाटकाचे डायलाग मरेपर्यंत म्हणत होता, ते नाटक मले पाहाले भेटलं नाही, कंपनीच बंद झाली. अन् वाचाले तर कधीच भेटणार नाही, काहून का ते छापलंच नाही. वही कुठं उंदरानं खाल्ली कोणाले मालूम. तुम्ही वाचाव का पाहावं म्हणून भांडून राहिले, तुमच्याकडं दोन्ही हाय म्हणून.

निवृत्त_मास्तर:
पाव्हणे, हे मात्र खरं बोललात. त्या वह्या गोळा करून जशाच्या तशा छापायचं काम कोणी हाती घेतलं तर प्रुफं मी तपासतो. फुकट. माझे डोळे आहेत तोवर.

मंजिरी_धरमपेठ:
उशिरा आले, सगळं वाचून काढलं. यात तिसरा मार्ग कोणी घेतलाच नाही, तो म्हणजे मोठ्याने वाचणं. आम्ही काही बायका (आता दोन-तीन पुरुषही आलेत, त्यांना चहा करायला लावतो) आलटून पालटून एकेकीच्या घरी नाटकं वाचतो. अभिवाचन म्हणायला संकोच वाटतो. कोणी चष्मा शोधतंय, मधेच दाराची बेल वाजते, असं चालतं.

सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' घेतलं होतं. १९७४चं नाटक, पण मला ते आजच्या कित्येक नाटकांपेक्षा ताजं वाटतं. भाऊराव मेलेत आणि मेल्यावर कीर्तन करताहेत. मला जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हट्ट धरलाय, आणि ते स्मशान तर बंद होतंय. मनातल्या मनात वाचलं तेव्हा मला ते तिरकस, हुशार वगैरे वाटलं होतं. हसू आलं नव्हतं. मोठ्याने वाचायला बसलो तर गाडी रुतलीच. आम्ही ते वर्तमानपत्रासारखं वाचत होतो. तेवढ्यात एकीचे सासरे आतल्या खोलीतून बाहेर आले. लहानपणी महाल भागात देवळातली कीर्तनं ऐकलेला माणूस. म्हणाले, "अहो, असं काय वाचताय, त्याला चाल आहे." आणि पुस्तक हातात घेऊन, एक पाय पुढे टाकून, त्यांनी पूर्वरंगासारखं सुरू केलं. शब्द तेच. आमची हसून मुरकुंडी वळली, आणि मग प्रेताबद्दल हसतोय हे लक्षात आल्यावर एकमेकींकडे बघायची चोरी. म्हणजे ते सगळं पानावर होतंच. आमच्याकडे चाल नव्हती.

म्हणून मला वाटतं, नाटक वाचता येणं ही वेगळी शिकायची गोष्ट आहे. कादंबरीच्या सवयीने नाटक वाचलं की हाती काहीच लागत नाही. दोन संवादांच्या मधे कोण उठलं, कोण कुठे बघतंय, हे आपण भरायचं असतं.

सीताबर्डीकर:
ताई, मग तुमच्या अनुभवात कुठली नाटकं अशी बसून वाचायला चांगली?

मंजिरी_धरमपेठ:
गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा' उत्तम झालं. एका प्राध्यापकाची चौकशी करणारी समिती, सगळे बसूनच बोलतात, आम्हीही बसूनच. एलकुंचवारांचं 'आत्मकथा'ही चांगलं झालं. 'घाशीराम कोतवाल' साफ फसलं. ब्राह्मणांची ती भिंत सोफ्यावर बसून कशी करणार? वाचायला इतकं थोडंसं असतं, की मला वाटलं आपल्या प्रतीतली पानं गळालीत.

तिसरी_घंटा:
बरोबर. 'घाशीराम' १९७२मध्ये उभं राहिलं ते तेंडुलकरांइतकंच दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि नृत्यं बसवणारे कृष्णदेव मुळगुंद यांचंही आहे. ती माणसांची भिंत उघडते, मिटते, कधी पुणं होते, कधी नुसती पाठ फिरवते.

आणि गोपुंचं उलट. 'वाचायची नाटकं' म्हणून लोक त्यांना नावं ठेवतात. डॉ. लागूंनी 'उद्ध्वस्त धर्मशाळा' केलं तेव्हा ते वाचायचं वाटलं असेल का कोणाला?

उन्हाळी_संत्रं:
माझा एक शंकेचा प्रश्न. एलकुंचवारांच्या 'प्रतिबिंब'मध्ये माणूस सकाळी उठून आरशात बघतो तर आरशात तो नाही. वाचताना भारी वाटलं. स्टेजवर हे दाखवतात कसं?

तिसरी_घंटा:
आरसाच ठेवायचा नाही. खरा आरसा ठेवला की पुढच्या रांगेला नटाचं प्रतिबिंब दिसणार, वर दिव्यांची तिरीप सगळ्यांच्या डोळ्यात. नुसती चौकट ठेवा, नाहीतर तीही नको, नट प्रेक्षकांकडे तोंड करून दाढी करायला उभा राहतो. म्हणजे त्याचा आरसा आपण. आता हे वाचताना सुचलं होतं का, खरं सांगा.

उन्हाळी_संत्रं:
नाही सुचलं. आता झोप येणार नाही.

सीताबर्डीकर:
मी अजून माझ्या जागी आहे, पण थोडा सरकलोय. चांगला प्रयोग मिळत असेल तर आधी बघावा, मग वाचावं. मिळत नसेल तर वाट बघत बसू नये. आणि वाईट प्रयोग बघून नाटककाराला शिव्या घालण्याआधी संहिता नक्की उघडावी. मंजिरीताई, तुमच्या बैठकीला बाहेरचा माणूस चालतो का? चहा करता येतो.

मंजिरी_धरमपेठ:
चालतो की. पुढच्या खेपेला 'वाडा चिरेबंदी'च घेऊ. प्रत्येकाने आपापली प्रत आणायची. माझी फार जुनी आहे, पानं सुटी झालीत. एक विचारायचं होतं, माणसं वाढली आणि एखाद्या वाचनालयात वाचायचं ठरलं तर परवानगी लागते का?

रामदासपेठी:
वकील आहे, म्हणून यूट्यूबवाल्याचं ऐका जरा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. हौशी मंडळाने तिकीट न लावता, पैसे न घेता प्रयोग केला तर तो भंग धरत नाहीत. तिकीट लावलंत की परवानगी आणि मानधन दोन्ही आलं. आणि हो, सबंध पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटणं या सवलतीत बसत नाही. विकत घ्या.

तिसरी_घंटा:
कायदा काही म्हणो, जाहीर करणार असाल तर नाटककाराला कळवायची रीत आहे. एक पत्र टाका.

आणि माझं एक ऐका. वाचताना रंगसूचना मोठ्याने वाचू नका, रस जातो. "वहिनी आत जाते" हे कशाला सांगायचं?

निवृत्त_मास्तर:
हरकत! एलकुंचवारांच्या रंगसूचना गाळायच्या? त्या नाटकात अंधाराला जेवढं काम आहे तेवढं धाकट्या भावाला, चंदूलाही नाही. तो अंधार मग येणार कुठून?

मंजिरी_धरमपेठ:
मास्तर, मग रंगसूचना तुम्हीच वाचा. घसा खाकरणं कमी करायचं तेवढं.

वडशाचा_पाव्हणा:
मी येतो. वहिनी सोडून कोणतंही काम द्या. प्रॉम्प्टर पाह्यजे असंल तं तेही करतो.